लिव्हअबोर्डवर डाइव्हिंगला जायचंय? मग बोट आधी बुक करू नका

दरवर्षी एक ठरलेला फोन येतो. "भावा, मालदीवची बोट बुक केली, सात रात्री, सहा जण आहोत, आता स्कूबा कुठं शिकायचं तेवढं सांग." आणि बोट सुटायला उरलेत पाच आठवडे. हे म्हणजे हॉल, आचारी, बँड सगळं ठरवून मग मुलगी बघायला निघाल्यासारखं झालं.

लिव्हअबोर्ड म्हणजे आठवडाभर बोटीवरच राहायचं, जेवायचं, झोपायचं, दिवसाला तीन-चार डाइव्ह मारायच्या आणि मधल्या वेळेत बोट पुढच्या रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकावर जाते. क्रम चुकला तर पैसे जातात ते जातात, वर सहा दिवस डेकवर बसून दुसऱ्यांचे ओले वेटसूट मोजायची वेळ येते. म्हणून खाली क्रमानंच लिहिलंय. निघायच्या ८-१० महिने आधी सुरुवात करा. बुकिंग पाचव्या टप्प्यावर आहे, थेट तिथं उडी मारू नका.

टप्पा १: मालवणचं स्कूबा हिशोबात धरू नका

आपल्याकडं निम्म्या कोल्हापूरचं "स्कूबा झालंय". म्हणजे काय, तर मालवण-तारकर्लीला गेलो, इन्स्ट्रक्टरनं मागनं सिलिंडर धरला, १५-२० मिनिटं मासे बघितले, पेनड्राइव्हवर व्हिडिओ मिळाला. चांगलंच आहे, पाणी झेपतंय का ते तरी कळतं. पण ते सर्टिफिकेट नव्हे, आणि बोटीवाला व्हिडिओ बघत नाही, कार्ड बघतो.

पहिलं कार्ड ओपन वॉटरचं, १८ मीटरपर्यंत. दुसरं अ‍ॅडव्हान्स्ड, ३० मीटरपर्यंत. पॅडी आणि एसएसआय या कार्ड देणाऱ्या संस्था, कुठल्याचंही असो, दोन्ही सगळीकडं चालतं. मालदीवमध्ये हौशी डाइव्हिंगला ३० मीटरचीच मर्यादा आहे, आणि तिथल्या बऱ्याच जागांचा खरा मजा देणारा भाग २० ते ३० मध्ये असतो, त्यामुळं नुसतं ओपन वॉटर घेऊन गेलात तर ग्रुप खाली आणि तुम्ही वर अधांतरी, असं होतं. इजिप्तकडं लाल समुद्रातल्या ब्रदर्स, डीडलससारख्या रूटला तर बोटवाले बहुतेक वेळा ५० डाइव्हची नोंद मागतात.

तपासा: ग्रुपमधल्या प्रत्येकाकडं कुठलं कार्ड आहे आणि शेवटची डाइव्ह कधी झाली, हे आधी कागदावर लिहून काढा. "माझं झालंय रे" हे उत्तर धरू नका.

टप्पा २: मेडिकल फॉर्म, तोही खरा भरलेला

कोर्सच्याही आधी ही पायरी आहे आणि सगळ्यात जास्त लोक हिच्यावरच आपटतात. कोर्सला एक प्रश्नावली असते: दमा, बीपी, शुगर, हृदय, फिट येणं, कानाचं किंवा सायनसचं ऑपरेशन, चालू असलेल्या गोळ्या. बोटीवरही बहुतेक ठिकाणी पुन्हा तीच भरून घेतात. काही उत्तरांना "हो" आलं की डॉक्टरची सही लागतेच.

आमच्यातल्या एकानं कोर्सच्या वेळी सगळीकडं "नाही" मारलं आणि बोटीवर चढताना त्याला एकदम हरिश्चंद्र आठवला, लहानपणच्या दम्यापुढं "हो" लिहिलं. माणूस खरं बोलला, पण चुकीच्या दिवशी. बोटवाल्यानं हात जोडले, मालेत डॉक्टर शोधून सही आणली तोवर दुपार गेली आणि सगळी बोट त्याच्यासाठी थांबलेली. तीच सही दोन महिने आधी इथं राजारामपुरीत एका चकरेत झाली असती.

फॉर्म छापून घ्या आणि फॅमिली डॉक्टरकडं जा, कानाचा काही इतिहास असेल तर ईएनटीकडंही. डॉक्टरांना नीट सांगा की पाण्याखाली ३० मीटरला चारपट दाब असतो, कारण "पोहायला जातोय, सही द्या" म्हटलं की ते पोहण्यासाठीच सही देतात.

सावध: दमा किंवा फिटचा इतिहास लपवून खाली जाणं ही हुशारी नव्हे. वर येताना फुप्फुसात हवा अडकली तर उपाय करायला मिनिटंच हातात असतात आणि बोट किनाऱ्यापासून तासनतास लांब.

टप्पा ३: कोर्स, आणि त्यानंतरच्या डाइव्ह

ओपन वॉटरला २०० मीटर पोहून आणि १० मिनिटं तरंगून दाखवावं लागतं. विहिरीत सूर मारून नाहीतर रंकाळ्यात पोहायला शिकलेल्यांना हे काहीच वाटत नाही. खरी अडचण नंतर येते. आपण शिकलोय मुंडी वर काढून, हातानं पाणी कापत. स्कूबात हात वापरायचेच नसतात. छातीशी घ्यायचे आणि पाय सावकाश. जितकं जोरात हलाल तितकी हवा संपते. आमच्या ग्रुपात तालमीत घाम गाळलेला एक गडी आहे, दंड मांडीएवढा, त्याचा २०० बारचा (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) सिलिंडर २६ मिनिटांत ५० वर आला आणि त्याची पाप्याचं पितर दिसणारी बायको ५५ मिनिटं आरामात खाली. तो आठवडाभर कुणाशी नीट बोलला नाही.

हे सुधारायला पाण्याखाली तास घालवणं एवढाच उपाय आहे. माझं मत सरळ आहे: ओपन वॉटरच्या ४ आणि अ‍ॅडव्हान्स्डच्या ५ डाइव्ह धरून लिव्हअबोर्डच्या आधी किमान २५ डाइव्ह तरी झालेल्या असाव्यात, आणि त्यातल्या काही करंटमध्ये, म्हणजे पाण्याच्या ओढीत. कोर्ससाठी अंदमानात हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला जा, किंवा जवळ पाहिजे तर मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी. नेत्राणी पावसाळ्यात बंद असतं आणि अंदमानातही तेव्हा समुद्राचा भरवसा नसतो, त्यामुळं हा टप्पा ऑक्टोबर ते एप्रिलमध्येच बसवलेला बरा. कॅलेंडर इथूनच मागं मोजायला लागा.

जमलं तर नायट्रॉक्सचा कोर्सही उरकून घ्या, एका दिवसाचं काम आहे. नायट्रॉक्स म्हणजे साध्या हवेतल्या २१ टक्क्यांऐवजी साधारण ३२ टक्के ऑक्सिजन. अंगात मुरणारा नायट्रोजन कमी, म्हणून खाली जास्त वेळ मिळतो, आणि दिवसाला चार डाइव्ह असं सहा दिवस चाललं की हा फरक कळतो. मात्र त्यानं जास्त खोल जाता येतं असं नाही, उलट ३२ चा सिलिंडर साधारण ३३ मीटरच्या खाली न्यायचाच नाही.

सावध: इथं एक आपल्याच लोकांसाठी. नेत्राणीला किंवा कोकणात खऱ्या, खोल डाइव्ह मारून त्याच संध्याकाळी घाट चढून घरी यायचं नाही. अंबोली, गगनबावडा ६५०-७०० मीटरच्या आसपास आहेत आणि कोल्हापूर स्वतःच साडेपाचशेच्या आसपास. उंचावर हवेचा दाब कमी झाला की डाइव्हमध्ये शरीरात मुरलेला नायट्रोजन बुडबुडे करतो, आणि त्याला विमान आणि घाट यातला फरक कळत नाही. एक मुक्काम खालीच करा, मासे खा, सकाळी निघा.

टप्पा ४: आधी महिना, मग देश

लोक आधी देश ठरवतात आणि मग मुलांच्या शाळेची सुट्टी बघतात, म्हणजे मे. मे महिना मालदीवला पाऊस आणि वारा सुरू व्हायचा, आणि थायलंडचं सिमिलान तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतं.

मालदीवला डिसेंबर ते एप्रिल समुद्र शांत, पाणी स्वच्छ. मे ते नोव्हेंबर पाणी गढूळ, पण त्या गढूळपणातच प्लँक्टन (पाण्यातले बारीक जीव) असतं आणि ते खायला मांटा, म्हणजे पंख पसरल्यासारखे दिसणारे मोठे चपटे मासे येतात. बा अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे बेटांचं कडं) हनीफारूला त्यांची जत्रा भरते ती साधारण जून ते नोव्हेंबर. पण तिथं स्कूबाला बंदी आहे, फक्त स्नॉर्कल. हे माहीत नसताना "मांटासोबत डाइव्ह" म्हणून पैसे भरलेले लोक मी बघितलेत. व्हेल शार्क दक्षिण अरी अटॉलला वर्षभर दिसू शकतात.

दिवाळीत जायचं असेल तर सिमिलान आणि रिचेलिउ रॉक नुकतंच उघडलेलं असतं. मेच्या सुट्टीशिवाय जमतच नाही असं असेल तर इंडोनेशियात कोमोडो बघा, तिथं तेव्हा कोरडा मोसम असतो, पण करंट लई आणि दक्षिणेकडचं पाणी चक्क गार. पहिल्याच खेपेला कोमोडो मी तरी सुचवणार नाही.

टप्पा ५: आता बोट

इथं फोटो बघून निर्णय होतो. जकुझी, सनडेक, ड्रोननं काढलेली बोट. ते सगळं बाजूला ठेवून ईमेलवर प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या.

सगळ्यात आधी आग आणि बुडणं. २ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियात 'कन्सेप्शन' नावाची डाइव्ह बोट रात्री पेटली आणि खाली झोपलेले ३४ जण गेले. चौकशीत निघालं की रात्री फिरता पहारा ठेवलेलाच नव्हता. नोव्हेंबर २०२४ ला इजिप्तजवळ 'सी स्टोरी' ही डाइव्ह बोट पहाटे उलटली. म्हणून विचारा: रात्री कोण जागं असतं? खालच्या केबिनमधनं बाहेर पडायला दोन वाटा आहेत का, आणि दुसरी वाट कुठं उघडते? बॅटऱ्या कुठं चार्ज करायच्या? लाइफ राफ्ट किती माणसांचा? ऑक्सिजन किती आणि तो द्यायला शिकलेला माणूस कोण? उत्तर टाळलं किंवा "डोन्ट वरी सर" आलं तर दुसरी बोट बघा.

मग पैशाचे. दाखवलेल्या दरात काय नाही ते विचारा: ग्रीन टॅक्स, मरीन पार्क फी, इंधन सरचार्ज, नायट्रॉक्स, गियरचं भाडं, विमानतळ ते बोट. सगळं जोडून दर सहज चौथ्या हिश्श्यानं वाढतो असं धरा. क्रूची टिप वेगळी, बरेच लोक बोटीच्या दराच्या १० टक्क्यांच्या आसपास देतात, रोख डॉलर.

मग डाइव्हचे. एका गाइडमागं किती माणसं? आठवड्यात नक्की किती डाइव्ह? "दिवसाला ४ पर्यंत" यातला "पर्यंत" नीट वाचा, पहिल्या आणि शेवटच्या दिवशी एखाददुसरीच असते. केबिन मधल्या भागातली घ्या, पुढच्या टोकाला लाटा जास्त लागतात आणि मागं इंजिन.

आणि हो, शाकाहारी कोण असेल तर बुकिंगलाच लिहून कळवा. समुद्रात मधोमध गेल्यावर स्वयंपाकी कुठनं पनीर आणणार.

तपासा: बाकीचे पैसे कधी भरायचे (बरेचदा ६० दिवस आधी), रद्द केलं तर किती परत, आणि बोटच बिघडली तर काय. तिन्ही लेखी.

टप्पा ६: इन्शुरन्स आणि कागद

साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये स्कूबा एकतर वगळलेलं असतं नाहीतर किती खोल जायचं याची अट असते. पॉलिसीतलं बारीक वाचा, नाहीतर डॅनसारख्या डाइव्हर्सच्या संस्थेचा डाइव्हिंगचाच वेगळा विमा काढा. बऱ्याच बोटींवर तो नसेल तर पाण्यात उतरवत नाहीत.

पासपोर्टला परतीच्या तारखेनंतर ६ महिने तरी शिल्लक पाहिजेत. मालदीवचा व्हिसा पोचल्यावर फुकट मिळतो, पण इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म विमानाच्या आधीच्या ९६ तासांतच भरायचा. आठवडाभर आधी भरायला गेलात तर घेत नाही. टूर कंपनीकडनं पॅकेज घेतलं आणि त्यांनी टीसीएस (आगाऊ घेतलेला कर) कापला तर पावती जपा, रिटर्न भरताना तो वळता करून मिळतो.

मालदीवला दारू, पोर्क आणि पूजेच्या मूर्ती नेता येत नाहीत. अंबाबाईची छोटी मूर्ती बॅगेत ठेवायची सवय असलेल्यांनी ती घरीच देव्हाऱ्यात ठेवावी.

टप्पा ७: कोल्हापूर ते जेटी

चूक एकच होते, पण दरवेळी होते: सगळं त्याच दिवशी जोडायचं. महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी मुंबईत, तिथनं टॅक्सीनं विमानतळ, दुपारी मालेत, संध्याकाळी बोटीवर. कागदावर बसतं. गाडी दोन तास लेट झाली की बोट गेलेली असते, आणि पुढच्या अटॉलला स्पीडबोटनं गाठायचा खर्च ऐकलात तर जेवण जाणार नाही. एक दिवस आधी मुंबई, आणि जमत असेल तर बोटीच्या आदल्या रात्रीच माले. जुलै-ऑगस्टला निघणार असाल तर अजून एक दिवस वाढवा. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेच्या पुरानं हायवेच बंद पडला होता, ते विसरू नका.

टप्पा ८: बॅग

कडक ट्रॉली नको. केबिनमध्ये ती ठेवायला जागाच नसते, आठवडाभर तिच्यावरनं उड्या मारत बाथरूमला जावं लागतं. दुमडणारी कापडी बॅग घ्या. देशातल्या विमानाला साधारण १५ किलो असतं, तीच मर्यादा धरून भरा.

सगळं गियर विकत घ्यायची गरज नाही. स्वतःचं पाहिजे ते एवढंच: मास्क (आपल्या चेहऱ्याला बसलेला, भाड्याच्या मास्कमध्ये सहा दिवस पाणी झिरपत राहतं), डाइव्ह कॉम्प्युटर (किती खोल आणि किती वेळ ते मोजणारं मनगटावरचं यंत्र), एसएमबी म्हणजे वर सोडायचा तो नारिंगी फुगा, आणि एक टॉर्च. कॉम्प्युटर दोघांत एक चालत नाही, दोघं पाण्यात वेगवेगळ्या खोलीवर असतात. पाणी २७ ते ३० डिग्री असतं म्हणून "वेटसूट कशाला" म्हणणारे तिसऱ्या दिवशी कुडकुडतात, ३ मिलिमीटरचा पूर्ण सूट घ्या.

टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवरबँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये टाकल्या तर बॅग उघडून काढतात. कार्ड, विमा, मेडिकल, तिकिटं सगळं छापून घ्या, समुद्रात नेटवर्क नसतं. बोट लागण्यावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आणा आणि घरीच एक खाऊन बघा, अ‍ॅव्होमीनसारख्यानं काहींना पेंग येते. शेंगदाण्याची चटणी न्याच, चौथ्या दिवशी तिच्यासाठी मारामाऱ्या होतात.

टप्पा ९: बोटीवरचा पहिला दिवस

पहिली डाइव्ह 'चेक डाइव्ह' असते, उथळ. तिला कमी लेखू नका. इथंच वजन ठरवून घ्यायचं. खाऱ्या पाण्यात स्विमिंग पूलपेक्षा जास्त लागतं, आणि रिकामा होत आलेला अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर वर ओढतो, म्हणून वजनाची खरी परीक्षा डाइव्हच्या शेवटी. ५० बार शिल्लक असताना ५ मीटरवर तीन मिनिटं न धडपडता थांबता आलं तर वजन बरोबर.

सहा महिन्यांत पाण्यात उतरला नसाल तर इथंच गाइडला सांगा, लाजू नका.

तपासा: केबिनमधनं अंधारात बाहेर पडायची वाट स्वतः एकदा चालून बघा. लाइफ जॅकेट कुठंय ते हात लावून बघा.

टप्पा १०: रोजचा क्रम

पहाटे सहाच्या आसपास घंटा, बिस्किट-चहा, ब्रीफिंग, डाइव्ह, मग नाश्ता. पुन्हा ब्रीफिंग, डाइव्ह, जेवण, झोप, डाइव्ह. मालदीवला मोठ्या बोटीसोबत एक धोणी, म्हणजे छोटी बोट असते, गियर आणि कॉम्प्रेसर तिच्यावरच, तुम्ही नुसतं जाऊन बसायचं.

ब्रीफिंगला तीन शब्द येतात. कंडू म्हणजे दोन रीफमधली खिंड, तिथनं पाणी आत-बाहेर धावतं, शार्क तिथंच असतात आणि करंटही. थिला म्हणजे पाण्याखालची टेकडी. गिरी म्हणजे त्याच्यातलीच लहान, वरपर्यंत आलेली. कंडू म्हटलं की समजायचं: बीसीडी (हवा भरायचं जॅकेट) आधीच रिकामी करून उडी, थेट खाली, पृष्ठभागावर "चष्मा नीट करतो" म्हणत थांबलात तर ग्रुप सापडत नाही.

नायट्रॉक्स असेल तर सिलिंडर स्वतः तपासायचा. अ‍ॅनालायझर (ऑक्सिजन मोजायचं यंत्र) नळीला लावा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, आकडा आणि खोलीची मर्यादा टेपवर लिहा, सही करा, मग तोच आकडा कॉम्प्युटरमध्ये टाका. शेवटचं लोक विसरतात, आणि मग कॉम्प्युटर वेगळाच हिशोब करत राहतो.

चुका ज्या मी रोज बघितल्या: कान दुखत असताना दाबून खाली जाणं (वर या, एखाद मीटर, पुन्हा प्रयत्न, नाही उघडला तर ती डाइव्ह सोडा). सर्दीवर गोळी खाऊन उतरणं (गोळीचा असर खालीच संपला तर वर येताना कान अडकतो). कानात खोबरेल तेल घालणं, आजीचा उपाय आहे पण इथं नको. मिनिटाला ९ मीटरपेक्षा जोरात वर येणं. पाणी कमी पिणं. आणि दुपारी एक बिअर. बिअर घेतली की त्या दिवसाच्या डाइव्ह संपल्या, चांगल्या बोटीवर हा नियमच असतो.

एक डाइव्ह सोडून झोप काढली तर पैसे बुडाले असं वाटून घेऊ नका. मी चौथ्या दिवशी दुपारची सोडतोच.

सावध: डाइव्हनंतर सांध्यात दुखणं, अंगाला मुंग्या, विचित्र थकवा असं काही वाटलं तर "उन्हानं असेल" म्हणून गप्प बसू नका. लगेच सांगा, ऑक्सिजन लावायला लावा.

टप्पा ११: शेवटची डाइव्ह ते घर

अनेक दिवस डाइव्ह केल्यावर विमानाआधी किमान १८ तास जाऊ द्यायचे असतात, बोटवाले २४ धरतात, तुम्हीही २४ च धरा. म्हणजे सकाळी ११ ला वर आलात तर दुसऱ्या दिवशी ११ च्या आधीचं विमान बुकच करायचं नाही. हे तिकीट काढताना लक्षात पाहिजे, बोटीवर आठवून उपयोग नाही.

शेवटच्या संध्याकाळी गियर गोड्या पाण्यात धुवून वाऱ्याला टांगा, लॉगबुकवर गाइडची सही घ्या, पुढच्या बोटीला ५० डाइव्ह दाखवायच्या असतील तर त्या इथंच मोजल्या जातात. घरी आल्यावर सगळं परत एकदा बादलीत बुडवा, रेग्युलेटरची (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत देणाऱ्या यंत्राची) टोपी घट्ट लावून मगच, कारण आत पाणी गेलं तर त्याचं सर्व्हिसिंग निघतं आणि त्यासाठी पुन्हा मुंबई गाठावी लागते. वेटसूट गच्चीवर उन्हात नको, सावलीत, उलटा करून.